ठमीला सुट्टी

पगवाल्यांनी झोपलेलं पिल्लू उचललं आणि टॉवेलने खसाखसा चोळलं. पिल्लू कुंई करून जागं झालं.

"अहो, झोपू द्या ना त्याला," बायको म्हणाली.

"श्वास ऐकू येत नव्हता."

"नाहीच यायचा. नीट घेतंय ते."

त्यांना काही ते पटेना. चपट्या नाकाचे पग वाढवून विकण्यात त्यांचा जन्म गेला होता, म्हणून गल्लीत ते पगवाले. या घरात श्वास म्हटला की आवाज आलाच. त्यांची पग कुत्री ठमी तर जागेपणीही घोरायची आणि पगवाले ते कौतुकाने पाहुण्यांना ऐकवायचे. मागच्या खेपेला पिल्लांची डोकी अडली आणि तिचं पोट फाडावं लागलं. पुन्हा तसं झालं तर ती हाती लागेलच असं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं. तरी यंदा एका बक्षीसवाल्या पगशी सोयरीक ठरलीच. ठमीने मात्र त्याआधीच समोरच्या शिंप्याच्या लांब नाकाच्या कुत्र्याशी सूत जुळवलं. पगवाले त्यावरून कितीतरी दिवस तोंड फुगवून होते.

आज डॉक्टरीणबाई पोचेपर्यंत ती वॉशिंग मशीनमागे आपली आपण मोकळी झाली. पिल्लं नाकाडी आणि टुणटुणीत. बाईंनी सगळ्यांना तपासलं, ऑपरेशनची बॅग बाजूला सारली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा मागितला. ठमी सुखरूप होती. पगवाल्यांना हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात बक्षीसवाल्याचा मालक त्याला घेऊन दारात आला. कुत्र्याची जीभ बाहेर, छाती घरघरत होती.

"झालं ते झालं. पुढच्या खेपेला आमचाच बरं का," मालक म्हणाला.

पगवाले कुत्र्याकडेच बघत होते.

"याला धाप लागलीय का?"

"छे, कोपऱ्यावरून तर आलो. घोरतोय नेहमीसारखा. तुम्हाला काय नवीन?"

नवीन काहीच नव्हतं. पगवाल्यांनी टेबलफॅन उचलून दाराकडे वळवला. कुत्रा पाय पसरून फरशीवर आडवा झाला आणि वाऱ्याकडे तोंड करून त्याने डोळे मिटले.

"पुढची खेप नाही," ते म्हणाले. "ठमीला सुट्टी दिली."

"आणि धंदा?"

"बघू."

म्हणाले खरे, पण त्यांना फार दिवसांनी मोकळं वाटत होतं.

"आत या, चहा घ्या. डॉक्टरीणबाई अजून इथेच आहेत. यालाही एकदा दाखवून घ्या."