बर्फातून आलेली जुनी किडनी

मित्रांनो, आधी सालोमीचा फायदा मांडते. मी लागू पडले, तर तिचे आठवड्यातले डायलिसिसचे तीन दिवस सुटणार होते. दिवसभरात मोजून दोन पेले पाणी, ही शिक्षाही संपणार होती. आणि माझा फायदा? मी एकसष्ट वर्षांची जुनी किडनी. चितेवर जायचं टळलं, एवढाच.

माझा जन्म शत्रुघ्न यांच्या पोटातला. भुईगावजवळ त्यांची केळीची वाडी होती. रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली. "गोळी सुरू केली का मानूस म्हातारा व्हतो," असं म्हणून ते ती खिडकीत ठेवून द्यायचे. त्या दाबाचे तडाखे मी वर्षानुवर्षं सोसले. कौतुक कोण करणार? किडनीची आठवण ती बिघडल्यावरच येते! २००४ साली त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मेंदू मेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. छाती तेवढी यंत्रावर हलत होती. त्यांच्या पत्नी कमळीबाई अवयवदानाच्या कागदावर सही करताना म्हणाल्या, "त्यांना लागनार नाय. ज्याला लागंल त्याला द्या."

मुंबईच्या एका रुग्णालयात पाचूबंदरची सालोमी वाट बघत होती. वीस वर्षं मासळी विकलेली बाई. माझं वय ऐकून तिने नाक मुरडलं.

"डॉक्टर, जवान नाय का एखादी?"

"पूर्वी अपघातातल्या तरुणांच्या जास्त मिळायच्या. आता असे वयस्क दाते वाढलेत. ही उशिरा सुरू होईल, तरुण किडनीपेक्षा थोडी कमी वर्षं चालेल. पण दुसरीची वाट बघत बसलात, तर तुमची तब्येत थांबायची नाही."

सालोमीने विचारलं, "बर्फात किती वेल हाय?"

डॉक्टर हसले. "सालोमीबाई, हाच प्रश्न मी मघाशी फोनवर विचारला. सात तास."

"मंग लावा लवकर. आनखी ठेवली तर मऊ पडंल."

बोंबिलाच्या पंक्तीत बसवल्याचा मला राग आला. पण बाईची पारख खोटी नव्हती.

नव्या पोटात गेल्यावर मी हटूनच बसले. आठ दिवस जेमतेम थेंब. डायलिसिस चालूच. सालोमी लघवीच्या पिशवीकडे बघून टोमणा मारायची, "काय गो म्हातारे, झोपलीस?" टोमणा मोठ्याने असायचा, पण ती घाबरली होती. डॉक्टरही दिवस मोजत होते.

नवव्या दिवशी सकाळी पिशवीत पाव लिटर जमलं. नर्सने ती उंच धरून दाखवली. सालोमी आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, "पानी द्या गो मला. भरून द्या."

आज पाच वर्षं झाली. तरुण किडनीसारखी मी कधीच चपळ झाले नाही. तपासणीचे आकडे बघून डॉक्टर अजूनही भुवया उंचावतात. पण डायलिसिसचं यंत्र सालोमीने पुन्हा पाहिलेलं नाही.

मित्रांनो, रक्तदाबाचं औषध चुकवू नका. आपण जे अवयव वापरतो, ते आपल्यानंतरही कुणाला तरी लागू शकतात.

आता कुणी काय किंमत मोजली, ते सांगते. सालोमी सकाळ-संध्याकाळ मूठभर गोळ्या गिळते. मी परक्या पोटात जपून राहते. सगळ्यात जास्त दिलं ते कमळीबाईंनी. आणि मी आता कुणाच्या पोटात आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंही नाही.