माझे कुणी नातेवाईक परीक्षेस नाहीत

लग्नाच्या बायोडेटात माझं शिक्षण बी.कॉम. होतं. खोटं लिहायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. पिंपळे गुरवच्या झेरॉक्सवाल्याने आधीच्या मुलाचा बायोडेटा उघडला, त्यात माझं नाव आणि रास टाकली, वरचा गणपती तसाच ठेवला, आणि शिक्षणही तसंच राहिलं. आमच्या आबांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे की. सोभतंय."

शोभलं. स्वरूपा एम.एस्सी., निगडीच्या ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिचे वडील लातूरहून आले, तीस वर्षं प्रेस मशीनसमोर उभे राहिले आणि मुलीला शिकवलं. आमच्या आबांनी जमीन विकली आणि मला शिकवायचं त्या गडबडीत राहून गेलं. माझ्या बहिणीला, साधनाताईला, संध्याकाळी सातनंतर बाहेर सोडत नसत, म्हणून ती घरात बसून बसून सीए झाली. मला कुणी अडवलंच नाही. अकरावीला प्रवेश घेतला त्याच महिन्यात बुलेट आली. दोन्ही एकदम झेपेना, तेव्हा एक सोडलं. कुठलं सोडलं, हेही घरात कुणी विचारलं नाही. आमच्या आळीत पोरीची शाळा बंद करायची तर चार माणसं बसून चर्चा करायची. पोराची आपोआप बंद व्हायची.

लग्नाला वर्ष झाल्यावर स्वरूपाने माझ्यासाठी घरबसल्या करायच्या एमबीएचा फॉर्म आणला. तुमचं डोकं धंद्यात चालतं, डिग्री आहेच, मग अडलंय कुठे, असं तिचं म्हणणं. अडलं होतं मार्कशीटवर. ती सापडत नाहीये, असं मी सांगितलं आणि मनात नीट योजना आखली. बारावीला एक वर्ष, बी.कॉम.ला तीन. चार वर्षं मार्कशीट शोधायची, पाचव्या वर्षी ती सापडायची.

मग बारावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचं, तर हा फॉर्म असतो. ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून चाकणकडचं कॉलेज निवडलं. आमचे चार टेम्पो तिथल्या कंपन्यांना लावलेत, त्यामुळे जायला कारण होतंच. स्वरूपाची सुपरव्हिजन निगडीला होती. तिच्या पर्समधून ऑर्डर काढून मी दोनदा वाचली होती. तेवढा अभ्यास मी इंग्रजीचाही केला नव्हता.

इंग्रजीच्या पेपरला सकाळी सातलाच निघालो. गेटवरचा वॉचमन म्हणाला, पालकांनी बाहेर थांबायचं. मी हॉल तिकीट दाखवलं. त्याने फोटो पाहिला, मला पाहिलं आणि सॉरी सर म्हणाला.

वर्गात पंचवीस जण, त्यात बावीस दाढीवाले. बाकं लहान होती, सगळ्यांचे गुडघे बाहेर. शेजारच्या बाकावर ओंकार नावाचा जिम ट्रेनर होता, बत्तीस वर्षांचा. त्याची मुलगी पहिलीत गेली होती आणि शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं शिक्षण विचारलं होतं. तिथे त्याने रेघ मारली. मुलीने विचारलं, पप्पा, ही रेघ म्हणजे कितवी?

मला हसू आलं. तेवढ्यात सीलबंद पाकीट घेऊन स्वरूपा आत आली.

सकाळी आठला तिची ऑर्डर बदलली होती. इथले कुणी सर आजारी पडले होते. हे सांगायला तिने मला दोन फोन केले होते, आणि माझा फोन बंद करून गाडीत ठेवलेला. मी लपायला लांब आलो होतो, तिला बोर्डाने लांब पाठवलं होतं.

तिने मला पाहिलं आणि हसली. तिला वाटलं असणार, मी तिचा डबा द्यायला आलोय. मग तिने बाक पाहिला, बाकावर चिकटवलेला नंबर पाहिला, माझ्यापुढचं हॉल तिकीट पाहिलं. हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच थांबलं, नुसतं त्याचं काम संपलं.

तिने पाकीट टेबलावर ठेवलं, फोडलं नाही. शिपायाला पाठवून केंद्रसंचालकांना बोलावून घेतलं. ते आले, तेव्हा ती दारात उभी राहून हळू बोलली, पण वर्ग इतका शांत होता की मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"सर, माझे कुणी नातेवाईक या केंद्रावर परीक्षेस नाहीत, असं मी सकाळी लिहून दिलंय. ते चुकीचं आहे. पहिल्या बाकावर माझे मिस्टर आहेत."

सरांनी बावीस दाढ्यांमधून माझी शोधली.

"बारावीला?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत नव्हतं."

सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी अडचण समजावून सांगितली: नवरा परीक्षेला बसतो, नेमक्या त्याच वर्गावर बायको ड्युटी बदलून येते, आणि तिला पत्ताच नसतो, असं मी बोर्डाला कळवलं तर कोण विश्वास ठेवेल? चौकशी लागेल, मॅडम. ती अजून कॉलेजात पर्मनंट झालेली नाही, हे सरांना ठाऊक नव्हतं. मला होतं.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. पाहिलं असतं तर सोपं गेलं असतं. मी उभा राहिलो. बाक गुडघ्यात अडकला आणि माझ्याबरोबर थोडा उठला.

"सर, त्यांना खरंच माहीत नव्हतं," मी म्हणालो. बायकोला मी पहिल्यांदाच अहोजाहो केलं. "मी बी.कॉम. आहे असं सांगून लग्न केलंय. लिहून देतो."

ओंकार हळूच म्हणाला, "आयला."

कोरा कागद आला. बाकीच्यांना पेपर वाटायला दुसऱ्या मॅडम आल्या, आणि त्यांचा इंग्रजीचा पेपर सुरू झाला तेव्हा मी मराठीत लिहीत होतो. मी रणजीत भिमाजी, शिक्षण दहावी, पत्नीची फसवणूक केली आहे. फसवणूक शब्द लिहून थांबलो. दुसरा हलका शब्द मिळतो का पाहिलं. नाही मिळाला.

सरांनी वाचून कागद स्वरूपाकडे दिला, नवऱ्याची सही ओळखते असं तिने खाली लिहायचं होतं. दोन वर्षांच्या संसारात तिने माझं अक्षर पहिल्यांदा पाहिलं. वाण्याची यादीसुद्धा मी कधी लिहिली नव्हती. सातवीतल्या मुलासारखं अक्षर आहे माझं, ओळी वर चढत जातात. तिने शिक्षिकेच्या सवयीने शेवटपर्यंत वाचलं.

"तारीख राहिलीय," ती म्हणाली.

मी तारीख टाकली. तिने सही केली आणि सरांनी तिला शेजारच्या वर्गावर पाठवलं. माझी पंचवीस मिनिटं गेली होती, ती मिळणार नाहीत असं सरांनी सांगितलं. मीही मागितली नाहीत.

पेपर सुटल्यावर ती गेटजवळ स्कूटरपाशी उभी होती. आजूबाजूच्या आया पोरांना पाण्याच्या बाटल्या देत होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. दोन्ही हातांचं काय करावं कळेना, म्हणून पॅड धरून ठेवलं.

"किती सोडवलंत?"

मस्त गेला, हे तोंडात तयारच होतं. सवय आहे. "वीस मार्कांचं," मी म्हणालो.

"पास व्हायला पस्तीस लागतात."

"हो."

"माझ्या बाबांना तुम्ही सांगायचं. आजच. मी शेजारी बसेन, पण बोलणार नाही." तिने हेल्मेट हातात घेतलं, घातलं नाही. "आणखी काही आहे का, जे मला असंच चारचौघांत कळणार आहे?"

नाही, असं पटकन म्हणणार होतो.

"आठवून सांगतो," मी म्हणालो.

"आठवा," ती म्हणाली. "मी थांबते."

ती उन्हात थांबली. मी आठवायला लागलो, आणि एकेक आठवत गेलं.