सोयराबाईंची वेताची काठी

मित्रांनो, मी वेताची एक जुनी काठी. अंगाने सडपातळ असले तरी स्वभावाने हट्टी आहे, हे आधीच सांगून ठेवते. चामराजपेटेतल्या एका कारागिराने मला वाकवून छान मूठ दिली. बनशंकरीच्या विठोजींनी मला विकत घेतले आणि कित्येक वर्षे आम्ही दोघे रोज बागेत फिरलो. लोक म्हणायचे, "विठोजीअण्णा, काठी झकास आहे हं!" मी अगदी फुलून जायचे. ते वारले आणि मी माळ्यावर जाऊन पडले.

पुढे त्यांच्या सुनेच्या, सोयराबाईंच्या, गुडघ्याचे ऑपरेशन झाले. तेव्हा मला खाली काढले. डॉक्टरांनी बजावले होते, "रोज चाला. नाहीतर गुडघा आखडेल आणि अंथरूण धराल." मी कंबर कसून तयार! पण आईला करमावे म्हणून गिरीराजने भलामोठा टीव्ही आणला. झाले! सोयराबाई खुर्चीत आणि मी कोपऱ्यात. एक मालिका संपली की दुसरी सुरू. कोणी बाहेर चला म्हटले की त्या म्हणत, "टीव्हीत डोंगर दिसतात, नद्या दिसतात. बाहेर आणखी काय ठेवलंय?" असा राग यायचा मला!

जेवताना नात भव्या विचारायची, "अज्जी, आज काय पाहिलंस?"

"काय की ग. कोणतरी रडत होती."

दिवसभर पाहून एवढेच! पूर्वी बागेतून आल्या की त्यांचे तोंड थांबत नसे. करंजाला फुले आली, हेमलता अक्का भेटली, पोपटांनी पेरू कसे कुरतडले, सगळे सांगून व्हायचे.

एका संध्याकाळी त्या पाणी प्यायला उठू लागल्या, तर पाय सरळच होईना. "भव्या, माझा पाय गेला ग!" म्हणून त्या रडायला लागल्या. माझीही घाबरगुंडी उडाली. भव्याने टीव्ही बंद केला, गुडघा चोळून दिला आणि मला त्यांच्या हातात दिले.

"चल अज्जी, बाहेर."

"उद्यापासून जाऊ."

"उद्या नाही. आत्ता!"

"सरी बाई, येते. पण स्वल्प हळू चल, दुखतंय."

त्या दिवशी आम्ही जेमतेम फाटक गाठले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा शहाळेवाला. सोयराबाई कण्हत होत्या, सगळा भार माझ्यावर टाकत होत्या. पण मी वाकले नाही. काही झाले तरी वाकायचे नाही, असे मी ठरवूनच टाकले होते. अशी रोज थोडीथोडी वाट काढत आम्ही अखेर बागेत पोचलो. टीव्ही अजून घरात आहे. लागतो कधीमधी.

मित्रांनो, तुमच्या घरीही कोणी दिवसभर पडद्यासमोर बसून असेल, तर हात धरून त्यांना उठवा. आधी कुरकुर करतील. करू देत. काल सोयराबाई हेमलता अक्कांशी गप्पा मारत मारत बाकावरून उठल्या आणि तरातरा घरी निघून गेल्या, मला तिथेच विसरून! एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.