मोठमायचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना रीडर आहे. वाचतो, पण पुस्तकं नाही. माशाच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी काचेची खूण टोचलेली असते. मला तिच्याजवळ नेलं की मी 'टीं' असा वाजतो आणि माझ्या पडद्यावर त्या माशाचा नंबर उमटतो. शिकलेले लोक या विद्येला आरएफआयडी म्हणतात. आता मी आरमोरीकडच्या एका मासेमार सोसायटीच्या खोलीत, फाटक्या जाळ्यांच्या ढिगावर पडून आहे. माझ्या डोक्यावर पालीने अंडी घातली आहेत.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. दोन हजार पाच साली पुनमने मला खोक्यातून काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि पिशवीत घालून एसटीने गावी आणलं. पुनम याच गावच्या सोमाजींची मुलगी. पिढ्यानपिढ्या तलावावर जगणाऱ्या या घरात कॉम्प्युटर शिकलेली ती पहिलीच. जिल्ह्याच्या मत्स्यबीज केंद्रांसाठी ती एक मोठं सॉफ्टवेअर तयार करत होती. कोणत्या मादीची पिल्लं कोणत्या तलावात गेली, किती जगली, हे सगळ्या केंद्रांना एकाच ठिकाणी दिसावं, ही तिची धडपड. मी नंबर वाचायचा आणि तिने त्याला अर्थ द्यायचा, अशी आमची वाटणी होती. मला भारी गर्व होता त्याचा. माझ्याशिवाय तिचं सॉफ्टवेअर आंधळं आहे, असं मी मनात म्हणायचो.

आमच्या गावच्या केंद्राच्या टाकीत एक म्हातारी रोहू होती. पुनम तिला मोठमाय म्हणायची. उन्हाळ्यात पाणी तापलं की बाहेरून आणलेल्या माशांची पिल्लं पटापट मरायची, पण मोठमायची पिल्लं तग धरायची. ही गोष्ट आधी कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मी वाचलेले नंबर सॉफ्टवेअरने जुळवले, तेव्हा ती पडद्यावर दिसली. त्या दिवशी पुनमने माझी पाठ थोपटली होती. मोठमायचं हेच वाण सगळ्या तलावांत सोडायचं, असं ठरलं.

आणि पुढच्या पावसाळ्यात केंद्राचा बांध फुटला. पिल्लं वाहून गेली, मोठे मासे गावतलावात उतरले. सोसायटीच्या लोकांनी जाळी टाकून बरेचसे परत आणले आणि मी एकेक ओळखून दिला. मोठमाय तेवढी सापडली नाही. ती मिळाली तरच ते वाण पुढे चालणार होतं. सॉफ्टवेअरमध्ये तिच्या नावापुढे पुनमने 'शोध चालू' असं लिहिलं. तिचा नंबरही तिने सोसायटीच्या वजनकाट्याच्या वरच्या भिंतीवर खडूने मोठ्ठा लिहून ठेवला. येता-जाता बघून तो अख्ख्या गावाला पाठ झाला.

"मोठा रोहू दिसला का पह्यले मले दाखवजा," ती सगळ्यांना सांगायची.

"काट्यावर चढल्याबिगर कोणता मासा घरी जाते, माय?" सोसायटीचे अध्यक्ष इसरूभाऊ म्हणाले. "तू आपली मशीन काट्यापाशीच ठेव. इथून सुटून जाईन कुठी?"

पुनमला ते पटलं. सॉफ्टवेअरमध्येही तिने तसंच लिहिलं, की तलावातून निघालेला प्रत्येक मासा काट्यावर येतो. थंडीत जाळी पडू लागली. मी काट्यापाशी बसून प्रत्येक टोपली तपासायचो. रोज संध्याकाळी पुनमचा चेहरा उतरलेला असायचा. तिच्यासाठी तरी एकदा वाजावं, असं मला फार वाटायचं.

मित्रांनो, या गावची एक रीत आहे. गावात कोणी बाळंतीण असली, तर त्या दिवशीच्या जाळ्यातला सगळ्यात मोठा मासा तिच्या घरी जातो. तो काट्यावर चढवत नाहीत, त्याची टोपलीही नसते. ओल्या दुपट्ट्यात झाकून थेट घरी नेतात. लोकांच्या लेखी तो पकडलेला मासा नसतोच, तो दिलेला असतो. म्हणून इसरूभाऊंना तो आठवला नाही. याच गावात वाढलेल्या पुनमलाही आठवला नाही.

तेव्हा बाळंतीण होती ती पुनमचीच वहिनी, गोकुळा.

त्या दुपारी केंद्रातली वीज गेली, म्हणून पुनमने मला चार्जिंगसाठी घरी आणलं. घरभर रश्श्याचा वास सुटला होता. गोकुळा बाळाला मांडीवर घेऊन जेवत होती. पुनमनेही दोन घास खाल्ले. मग तिची नजर पातेल्यातल्या मुंडक्यावर गेली आणि हात थांबला.

"बाबा, हा मासा काट्यावर आला होता?"

"बाळंतिणीचा मासा काट्यावर चढवते का कोणी?" सोमाजी हसले. "एवढा मोठा रोहू मी जिंदगीत नाई पाह्यला व. पोरीचं नशीब!"

पुनम उठली. मला उचलून तिने पातेल्याजवळ धरलं. मित्रांनो, मी न वाजण्याचा फार प्रयत्न केला, पण तसं आमच्या हातात नसतं. मी वाजलो. पडद्यावर भिंतीवरचा तो नंबर आला.

"काय वाजलं वो?" गोकुळाने विचारलं.

पुनमने मला पदराखाली घेऊन बंद केलं.

"काई नाई, वहिनी. बॅटरी उतरली. तू जेव."

मग ती पुन्हा ताटावर बसली आणि वाढलेलं सगळं खाल्लं.

सॉफ्टवेअरमध्ये 'मेली' असं तिने कधी लिहिलं नाही. वाण गेलं तसं कामही थांबलं. पुनम नागपूरला नोकरीला गेली आणि मी इथे आलो. तिने मला पुन्हा कधी सुरू केलं नाही. ते बाळ, रोशनी, आता तलावाच्या पाळीवर धावत असते. "मोठ्या रोहूच्या रश्श्यावर वाढली हे पोरगी," असं सोमाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. पुनम सुट्टीत आली की तिला कडेवर घेते आणि भिंतीकडे पाठ करून उभी राहते. खडूचा नंबर अजून पुसलेला नाही.

माझ्यासारखी जुनी यंत्रं शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. धूळ पुसा म्हणतात, पुन्हा कामाला लावा म्हणतात. माझंही मागणं आहे, मित्रांनो. या खोलीत कधी आलात तर माझी धूळ खुशाल पुसा, पण मला चार्जिंगला लावू नका. मी सुरू झालो की शेवटचा वाचलेला नंबर आधी दाखवतो, आणि तो नंबर सोमाजींना पाठ आहे.