आलीचा आला

मराठीत बाईचा पुरुष करायला फार काही लागत नाही. वेलांटी पुसायची आणि काना द्यायचा. आलीचा आला, बसलीचा बसला. शहाण्णव सालच्या श्रावणात एका रविवारी, जेवणाची भांडी घासून झाल्यावर, मी तांबडं पेन घेऊन बसले आणि साळूचा भिवा केला. बावीस पानं होती. चार वाजेपर्यंत काम आटोपलं. पोरांच्या वह्या मी इतक्या झटपट कधी तपासल्या नाहीत.

साळू माझी लहानपणची मैत्रीण. आम्ही दोघी कळंबच्या. आमची शेती, त्यांची मेंढरं. त्यांचं घर आमच्या मळ्याच्या बांधाला लागून होतं. चौथीपर्यंत ती वर्गात माझ्या शेजारी बसली, मग तिच्या हातात काठी आली आणि शाळा सुटली. मी शिकत राहिले. मैत्री काही सुटली नाही.

माझं दहावीचं केंद्र आलं मंचरला. वडील म्हणाले, एकटी पोर एवढ्या लांब जाणार नाही, परीक्षा राहिली तरी चालेल. भावाला सवड नव्हती. म्हणजे सवड होती, पण तो स्वतः दहावीत दोनदा आपटलेला, बहिणीला पेपरला पोचवायला त्याचे पाय कसे उचलणार? मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी साळू आमच्या ओट्यावर येऊन वडिलांना म्हणाली, "नाना, मी जाते हिच्या संगं."

"आन् मेंढरं?"

"त्यांना बी मंचर बघू द्या की."

वडील हसले आणि हो म्हणाले. साळूच्या काठीला गावातली टारगट पोरं वचकून असायची, हे त्यांना माहीत होतं.

सात पेपर, सात दिवस. पहाटे निघायचो. पुढे मेंढरं, मागे आम्ही, मी चालता चालता पाठ म्हणायची आणि ती मध्येच चुका काढायची. तिला काही कळत नसे, पण मी अडखळले की तिला बरोबर समजायचं. मी पेपर लिही तोवर ती शाळेबाहेरच्या लिंबाखाली बसायची आणि मेंढरं काढणी झालेल्या कांद्याच्या वावरात तोंड घालत फिरायची. मार्च महिना, त्या अंगाला चाऱ्याची काडी नव्हती. कळंबची बाकीची मेंढरं नदीकाठाला असायची. सातव्या दिवसापर्यंत साळूच्या मेंढ्या आटल्या, कोकरं उपाशी राहायला लागली. तिच्या बापाने तिला तिच्याच काठीने मारलं. हे तिने मला सांगितलं नाही, तिच्या आईने सांगितलं.

मी आज शाळेत जी काही बाई आहे, ती त्या सात दिवसांमुळे आहे. दुसरं काही कारण नाही.

पुढे तिला दिली ओतूरजवळच्या एका वाडीत, सोमाजीला. मला नोकरी लागली ओतूरच्या हायस्कुलात, मराठीची. नशीब म्हणायचं. दर बाजाराच्या दिवशी तिची पिशवी माझ्या दाराआड यायची. ती ओट्याला पाठ लावून खाली बसायची, चहा बशीत ओतून प्यायची आणि आठवड्याचं सगळं सांगायची. नऊ वर्षांत एखादाच बाजार चुकला असेल. आमचे हे म्हणायचे, "तुमचं दोघींचं संपत कसं नाही?" संपायला ते काय पीठ होतं?

तेव्हा मी कथा लिहायला लागले होते. शिकवून शिकवून एक गोष्ट माझ्या डोक्यात बसली होती. धड्यात काय, कादंबरीत काय, दोन बाया एकत्र आल्या की एकतर एकमेकींवर जळतात, नाहीतर एक दुसरीची चिठ्ठी पोचवते. मैत्रीण म्हणजे चिठ्ठी पोचवणारी. नायिकेचं लग्न ठरलं की ती पुस्तकातून नाहीशी. मला याचा राग यायचा, आणि वर्गात मी तो पोरींसमोर बोलूनही दाखवायचे. म्हणून मी त्या सात दिवसांची कथा लिहिली, साळूची आणि माझी, आणि पुण्याच्या एका दिवाळी अंकाला पाठवली.

संपादकांचं पत्र आलं. अक्षर सुंदर होतं. 'भाषा उत्तम. मेंढरांचे तपशील अस्सल. पण दोन मुलींची मैत्री आहे, कथा कुठे आहे? वाचक वाट बघत राहतो. सखीच्या जागी सखा आला तर त्या वाट बघण्याला अर्थ येईल. विचार करावा.'

मी विचार केला नाही. त्याच रविवारी तांबडं पेन काढलं. शेवटी चार ओळी वाढवल्या, नायिकेचं लग्न होतं आणि भिवा लिंबाखाली उभा राहतो, अशा. लोकांना दाखवायचे दात वेगळे आणि माझे खायचे वेगळे होते, हे मला त्या दुपारी कळलं, आणि तरी मी पाकीट पोस्टात टाकलं. गावाचं नाव बदललं, मंचरचं तसंच ठेवलं. शहाणपण बघा.

कथा दिवाळीला छापून आली. जुन्नरच्या एका मंडळाने तिला उत्कृष्ट प्रेमकथा म्हणून बक्षीस जाहीर केलं. शाळेत बाया मला चिडवायला लागल्या. ह्यांनी एकदा जेवता जेवता विचारलं, "हा भिवा कोण गं?" मी नुसती हसले. खरं सांगते, मला थोडं बरं वाटलं. चाळिशीकडे झुकलेल्या, दोन पोरांच्या, खडूने हात पांढरे झालेल्या बाईवर कुणीतरी कधी जीव टाकला होता, असं लोकांना वाटतंय, तर वाटू दे की.

कळंबला ग्रंथालयात तो अंक गेला. तिथे हौशीराम म्हणून एक रिटायर तलाठी होते, त्यांना मोठ्याने वाचून दाखवायची हौस. त्यांनी देवळाच्या पायरीवर कथा वाचली. सात पेपर, मंचरची वाट, मेंढरं. लोक काय दूधखुळे आहेत? कथेवर नाव माझं, इंद्रायणी, म्हणजे त्यांच्याच गावची पोर. तेव्हा त्या बांधाला मेंढरं कुणाची होती? साळूच्या बापाची. त्याला पोरगे किती? एक, बहिरू. झालं. भिवा म्हणजे बहिरू.

बाजार नसलेल्या दिवशी साळू आली तेव्हाच मी समजले, काहीतरी बिनसलंय. ती खाली बसली नाही. पदरात गुंडाळलेला अंक तिने काढला आणि ओट्यावर ठेवला.

"बहिरूची बायकू म्हायेरी गेली," ती म्हणाली. "दोन्ही पोरं घिऊन. तिचा बाप जीप घिऊन आला व्हता."

"का?"

"का म्हंजी? बहिरूचं तुझ्यावर मन व्हतं म्हणत्यात. आजून बी हाय म्हणत्यात. आन् मी दर बाजाराला तुज्याकडं येते ती त्याचं निरोप घिऊन येते."

मी जिच्यावर कथा लिहायला बसले होते तिला गावाने चिठ्ठी पोचवणारी करून टाकलं होतं. गावाने तरी कशाला, मीच केलं होतं.

"तू सांगितलं नाहीस? की ती तू होतीस म्हणून?"

"सांगितलं की. सात जणांना सांगितलं. म्हणत्यात, भावाला झाकती. पुस्तकात छापलंय, ते खोटं आन् ही चवथी शिकलेली खरी व्हय?"

मग तिने अंक उघडला. पान तिने दुमडून ठेवलं होतं. बोट ठेवून, एकेक अक्षर लावत तिने वाचलं, "भिवा झाडाखालून उठला, त्याने मेंढरांना हाळी दिली आणि तो माझ्याकडे बघून हसली." तिने वर पाहिलं. "हितं हसली ऱ्हायलंय. समदी कथा वाचली मी, चार दिस लागलं. एवढ्या एका जागी मी हाय."

बावीस पानांत एक वेलांटी माझ्या हातून निसटली होती. संपादकांच्याही.

"मी बाई म्हणून पुरले न्हाई व्हय गं, इंदू?"

याला मी उत्तर दिलं ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हणाले, "अगं, तसं नसतं ते. तुला नाही कळायचं."

तिने अंक मिटला. मग तिने मागायचं ते मागितलं. "कळंबला चल. तिथनं आमच्या भावजयीच्या म्हायेरी जाऊ. तिच्या बापाम्होरं एवढंच सांग, की ती मी व्हते. आई न्हाई, बा न्हाई, तुमचं घर बी पिंपरीला गेलं. तुज्याबिगर दुसरं कोण सांगणार?"

मागणं एवढंच होतं. एस.टी.चा दीड तासाचा प्रवास आणि एक वाक्य. पण रविवारी जुन्नरला सत्कार होता. शाल, नारळ, प्रेमकथेचं बक्षीस, आणि ह्यांनी कॅमेऱ्यात नवीन रोल भरून ठेवलेला. आदल्या दिवशी गावात जाऊन 'प्रेम नव्हतंच, ती बाई होती' असं सांगितलं तर सत्कार कशाचा घ्यायचा?

"एवढा रविवार होऊ दे," मी म्हणाले. "पुढच्या रविवारी नक्की येते. तोवर लोक विसरतीलसुद्धा."

पुढच्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नव्हतं, आणि तरी मी गेले नाही.

भावजय चैत्रात परत आली, पण अट घालून. नणंद या घराची पायरी चढणार नाही. बहिरूने संसार वाचवला. त्याला मी दोष देत नाही. साळूला मात्र माहेर उरलं नाही. भाऊबिजेला ती चंद्राला ओवाळायला लागली, हे मला बाजारात तिच्या वाडीच्या एका बाईने सांगितलं. माझ्याकडे ती पुन्हा आली नाही. बाजाराच्या दिवशी मी दार उघडं टाकून बसायचे, वर्षभर बसले असेन. दोनदा रस्त्यात दिसली. मान हलवून पुढे गेली. मी हाक मारायला हवी होती. मी माणूस म्हणून फार कमी पडले, हे मला तेव्हाही कळत होतं.

सात-आठ वर्षं गेली. दोन हजार चार साली नववीच्या वर्गात हजेरी घेताना एक नाव आलं, प्रांजल सोमाजी, आणि उभी राहिली ती साळूच. तेच कपाळ. साळूने पोरीला दुसऱ्या शाळेत घातलं असतं तर चाललं असतं. तिने माझ्याच शाळेत घातलं होतं, आणि पोरीच्या नजरेत माझ्याबद्दल कसलीच अढी नव्हती. आदरच होता. मला त्याचा अर्थ लागेना.

पुढच्या वर्षी माझा कथासंग्रह निघाला. ती कथा मी पहिल्यासारखी केली. काने काढले, वेलांट्या दिल्या, शेवटच्या चार ओळी खोडल्या, आणि नाव साळूच ठेवलं. पहिली प्रत घेऊन मी वाडीवर गेले. मनात म्हटलं, उशिरा का होईना, फेडते आहे.

साळू अंगणात बाजरी पाखडत होती. केस पिकले होते. "या बाई," ती म्हणाली. इंदू नाही, बाई. पोरीला तिने चहा ठेवायला सांगितला.

मी पुस्तक प्रांजलच्या हातात दिलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसून मोठ्याने वाचायला लागली. वाचन तिचं स्वच्छ आहे. सगळं आलं त्यात, ओट्यावरचं बोलणं, लिंब, कोकरं, बापाचा मार. साळू सुपाकडे बघत पाखडत राहिली. एकदाही थांबली नाही.

वाचून झालं तेव्हा पोरीचे डोळे भरले होते. "आई, ही तू हायेस? तू खरंच सात दिस गेली व्हतीस?"

मी साळूकडे पाहिलं. नऊ वर्षांपूर्वी ती जे सिद्ध करायला वणवण फिरली ते आता छापलेलं तिच्या घरात होतं, तिच्या पोरीच्या हातात होतं.

"छ्या," साळू म्हणाली. "मी कशाला जाते मंचरला. बाईंनी नाव तेवढं माझं घेतलंय. बाकी मनाचं हाय."

प्रांजलचं तोंड उतरलं. पोरगी पुस्तक घेऊन आत गेली.

साळू मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. मी म्हणाले, "असं का गं केलंस? आता तर मी सगळं खरं लिहिलंय."

"लिवलंस. चांगलं लिवलंस." ती चालत राहिली. "पर ते खरं म्हटलं आसतं तर पोरीनं इचारलं आसतं, मग मामा आपल्याला का तोडतो? पोरांना मी सांगितलंय, मीच भांडले भावाशी, चूक माझी व्हती. खरं सांगायचं तर तुजं नाव घ्यावं लागतं, इंदू. ती तुज्या वर्गात बसती. तिला तू लई मोठी वाटती. तिची दहावी होऊ दे."

मला रडू आलं. मी म्हणाले, "साळू, माझं चुकलं." हे वाक्य मी नऊ वर्षं तोंडात धरलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "चुकलं." आणि बाजरी उघडी टाकून आल्याचं सांगून माघारी वळली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत प्रांजल शिक्षकखोलीच्या दारात आली. पुस्तक तिने वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणलं होतं, सही हवी होती. मी सही केली. ती जाईना.

"बाई, ती पयली कथा मला लई आवडली," ती म्हणाली. "आई म्हणली, सगळं मनाचं हाय. आशी मैत्रीण कुणाला आसत न्हाई ना खरी?"

माझ्या तोंडाशी आलं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. पण तिची दहावी व्हायची होती, आणि या वेळी साळूने एवढं एकच मागितलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"मग तुमाला सुचतं कसं, बाई?"

"सुचतं," मी म्हणाले, आणि तिला वर्गात जायला सांगितलं.