कोतवालाचा वाटा

गिरजाच्या अंगणात दुपारपासून पहारा चालू होता. जर्मनच्या वाटीत उकडलेल्या मरळ माशाचा तुकडा, वाटीपुढं तीन पायांवरचा काळा कुत्रा, आणि पेरूच्या झाडाखाली झोपेचं सोंग घेतलेली शेजारची मांजर. मांजरीनं एक पाऊल पुढं टाकलं की कुत्रा गुरगुरे. कोंबडी आली, तिला त्यानं पिटाळलं. कावळ्यावर तर झेपच घेतली. डावीकडं कलंडला, सावरला, जागेवर येऊन बसला. मासा मात्र होता तसाच.

"अरे, खाय ना बाबा," गिरजा म्हणाली. "मांजरीले खाऊ देत नाईस, सोता खात नाईस. कोनासाठी ठेवून राह्यला?"

कुत्र्यानं शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा मांजरीकडं डोळे लावले.

त्याचं नाव कोतवाल. कोतवाल पक्षी जसा काळा आणि आपल्याहून मोठ्या घारीच्या अंगावर धावून जाणारा, तसाच हा. गिरजाचा नवरा केवळराम तलावात जाळं टाकायचा, तेव्हा काठावरच्या माशांवर लक्ष ठेवायचं काम याचं. घारी, बगळे, पाणमांजरं, कोणाचीही तो गय करत नसे. म्हणून तलावावरची माणसं मासळीच्या वाटणीचे ढीग घालताना एक छोटा ढीग कोतवालाचाही घालत.

मग पावसाळ्याच्या शेवटी त्याच्या पुढच्या डाव्या पायाला, मनगटाच्या वर, लिंबाएवढी गाठ आली. ब्रह्मपुरीच्या ज्योत्स्ना डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि सरळ सांगितलं, "हाडाचा कॅन्सर आहे. पाय काढला तर दुखणं थांबेल. रोग पुन्हा उठेल की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. पण जे दिवस मिळतील ते तो पळत काढेल."

"तीन पायाचा कुत्रा म्हंजे तीन पायाची खाट," केवळराम म्हणाला होता. "कोन बसन तिच्यावर?"

"चुलीले किती दगड असते?" गिरजानं विचारलं. "पडली का कधी तुमची चूल?"

गिरजा कुत्र्याला नागपूरला घेऊन गेली आणि पाय काढून घेऊन आली. तेव्हापासून केवळरामनं कोतवालाकडं पाहिलं नव्हतं. जेवायला बसला तर तोंड भिंतीकडं. जाळं विणायला बसला तरी भिंतीकडं. एरवी हा माणूस बायकोशी चार शब्द बोले आणि कुत्र्याशी चाळीस. आता दोघांच्या वाट्याला मिळून चार. तलावावर तर त्यानं आपणच सांगून टाकलं, "कोतवालाचा ढीग बंद करा. काम नाई त्याले वाटा नाई."

जखम चांगली भरली. टाके निघाले. कोतवाल उड्या मारत अंगणभर फिरू लागला. पण भात त्याला नको झाला, अंडं तो पाहुण्यासारखं मानापुरतं चाटून सोडी, आणि मासा तर राखत बसे. फासळ्या मोजता येतील असा झाला. सकाळीच डॉक्टरांचा फोन आला होता. "गिरजाबाई, पुढचं औषध जोराचं आहे. अशा उपाशी अंगाला ते सोसायचं नाही. या आठवड्यात तो खायला लागला नाही, तर मला औषध थांबवावं लागेल."

संध्याकाळी तिनं वाटी उचलली. मांजरीनं निराशेनं जांभई दिली. कोतवाल, नेमून दिलेलं काम चोख झालं अशा थाटात, उडी मारत तिच्यामागं घरात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाही तलावावर गेली. धान निघालं होतं, पाणी उतरलं होतं, मासळी बरी लागत होती. जाळं काठावर ओढलं आणि सगळे गाठी सोडवत असताना एक घार तिरकी खाली आली आणि म्हाताऱ्या बापूरावांच्या हाताजवळची मरळ उचलून गेली.

"अवं! गेली!" बापूराव ओरडले. "कोतवाल असता तर तिची काय मजाल होती? कोतवाल असता तर शेपूट उपटून हाती दिलं असतं!"

"त्याले आता पेन्शन हाये, बापूभाऊ," निकेश म्हणाला. तो सगळ्यांत तरुण आणि तोंडानं सगळ्यांत मोठा.

"त्याच्या पायासाठी नागपूर झालं. माह्या गुडघ्याले कोनी ब्रह्मपुरीलेई नेत नाई," बापूराव पुटपुटले.

"तुमी घारीवर धावता का? धावा, मग नेतो."

हसत हसत पळसाच्या पानांवर ढीग घातले गेले. वाटेकरी पाच, ढीग पाच. वाटणीची रीत जुनी. एकानं ढिगांकडं पाठ करून उभं राहायचं, दुसऱ्यानं एकेका ढिगाला काठी लावून विचारायचं, "हा कोनाचा?" न पाहता जे नाव तोंडातून निघेल, त्याचा तो ढीग. कोणाला लहान-मोठा म्हणायची सोय नाही आणि निघालेलं नाव परत घेता येत नाही.

बापूरावांनी तलावाकडं तोंड केलं. नजर अजून घारीमागंच होती.

"हा कोनाचा?" निकेशनं काठी टेकवली.

"गुलाबचा."

"हा?"

"रुखमाबाईचा."

"हा?"

"तुहा."

"हा?"

"माहा."

"आन हा?"

"कोतवालाचा."

केवळराम म्हणाला, "बापूभाऊ, आन माहा?"

बापूराव वळले. ढीग संपले होते. त्यांनी ढिगांकडं पाहिलं, आकाशाकडं पाहिलं, घारीला एक शिवी दिली. "असू दे ना. एकाच घरचा हाये. उचल आन जाय."

"कसा उचलू? नाव घेतलं तुमी. माहा नाई तो."

"केवळभाऊ," निकेश म्हणाला, "कुत्रा घरी बसून कमावून राह्यला आन तुमी पान्यात उभं राहून रिकामे. आता त्याच्याच हाताखाली लागा."

"आमच्या कमावत्याचा वाटा मी नेते," म्हणत गिरजानं ढीग पानासकट टोपलीत ठेवला. केवळराम खांद्यावर जाळं टाकून तिच्यामागं चालत राहिला. घरी आल्याबरोबर भिंतीकडं तोंड करून जाळ्याचं फाटकं भोक शोधत बसला.

गिरजानं पान अंगणात मांडलं. झिंगे, दोन लहान मरळी आणि मिशांचा एक कटवा, पाठीवर सुईसारखा काटा असलेला. कोतवाल आला. पुढच्या एका पायावर उडी, मग मागचे दोन. त्यानं ढीग हुंगला. तोंडातून लाळेची तार लोंबली.

कोतवाल माशांकडं पाठ करून मांजरीवर पहारा देत बसला.

गिरजा कपाळाला हात लावणार, तोच हात अर्ध्यावर थांबला. पिल्लू असताना यानं एकदा ढिगातला झिंगा उचलला होता. केवळरामनं कान धरून त्याला बाजूला बसवलं होतं आणि आपलं नाव येईपर्यंत थांबायला शिकवलं होतं. तेव्हापासून तलावावर "कोतवालाचा" ऐकल्याशिवाय त्यानं माशाला दात लावला नव्हता. आणि पाय गेल्यापासून ती रोज त्याच्यापुढं मासा ठेवत होती, पण तो कोणाचा हे त्याला सांगितलं कोणी होतं? बिचारा लोकांचा माल राखत होता, उपाशीपोटी.

"कोतवालाचा!" ती जोरात म्हणाली.

दोन्ही कान उभे राहिले. त्यानं ढिगाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. ती तर त्याच्याकडं तोंड करून उभी होती. असं कुठं नाव घेतात का, अशा चेहऱ्यानं तो जागचा हलला नाही.

रीत पुरी करायला दोन माणसं लागतात. गिरजानं भिंतीकडं पाहिलं. दुसऱ्यानं पाठ केलेलीच होती.

तिनं कोपऱ्यातली काठी घेऊन पानाला टेकवली. "हा कोनाचा?"

केवळरामचे हात थांबले. "माह्या पोटात कावळे ओरडून राह्यले, आन तू खेळ लावला काय?"

"खेळ नाई. हा कोनाचा?"

त्यानं हातातलं जाळं मांडीवर ठेवलं. सकाळपासून पाण्यात उभा राहिलेला माणूस. "माहा" म्हणाला असता तर कोणी चूक म्हटलं नसतं. गिरजानं काठी पानावरून हलवली नाही. कोतवाल त्या वाकलेल्या पाठीकडं टक लावून पाहत होता. मांजरही उठून बसली.

"कोत..." केवळराम खाकरला. "कोतवालाचा."

झिंगे कुरकुरल्याचा आवाज आला. मग आणखी मोठा, अधाशी, पान फाटल्याचा.

"खाऊन राह्यला का?" भिंतीनं विचारावं तसं केवळरामनं विचारलं.

"वळून पाहा."

तो वळला. जिथं पाय होता तिथं कापलेल्या धानाच्या खुंटांसारखे बारीक केस उगवले होते. एका पायावर वाकून खाताना दर घासाला कोतवालाची हनुवटी पानावर आपटत होती. शेवटी त्यानं छातीच जमिनीला टेकवली, मागची बाजू वर ठेवली, आणि त्या आसनात मरळ धरली.

"हळू खाय ना बे," केवळराम म्हणाला. "तुहाच हाये." आणि डोळे पुसून घेतले, त्यांत जाळ्याचा धागा गेल्यासारखे.

पान साफ झालं. कटवा तेवढा कोतवालानं नेहमीसारखा नाकानं बाजूला ढकलला. काट्याचं खाणं त्याला कधीच पसंत नव्हतं. केवळराम पुढं झाला. "हा त्याले नको. हा माहा."

"थांबा," गिरजा म्हणाली. "पाठ कोनी केली?" तिनं काठी त्याच्या हाती दिली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हसण्यानं हलत होते.

केवळरामनं निमूट काठी टेकवली. "हा कोनाचा?"

गिरजानं भरपूर वेळ घेतला.

"मांजरीचा."

"गिरजे!"

"निघालं नाव. आता परत घेता येत नाई."

केवळरामनं चडफडत कटव्याचा काटा मोडला आणि मासा पानावर ठेवला. मांजर दबकत पुढं आली. तिनं पहारेकऱ्याकडं पाहिलं. कोतवाल एक उडी मारून बाजूला सरकला आणि तिला वाट करून दिली.