मराठीतून सुनावणी

“त्यातलं एक अक्षर तरी कळतंय का तुमाला?” चहा पुढे ठेवत बायडाबाईंनी विचारलं.

“न्हाय,” मोबाइलवरची नजर न काढता ज्ञानदेव म्हणाले. “नंदिनी म्हणली, जमलं तर बघा. म्हणून बघतोय.”

मोबाइलवर दिल्लीचं सर्वोच्च न्यायालय होतं. पाच न्यायाधीश ओळीने बसलेले, समोर काळे कोट. दोन बायकांना किंवा दोन पुरुषांना कायद्याने एकमेकांशी लग्न करता यावं की नाही, याची सुनावणी चालली होती आणि ती घरबसल्या कुणालाही बघता येत होती. फक्त सगळं इंग्रजीत. ज्ञानदेवांची उभी नोकरी पुण्यात वारज्याला महापालिकेच्या पाणी सोडायच्या चाव्या फिरवण्यात गेलेली. इंग्रजीशी त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

त्यांची मुलगी राजनंदिनी वाघोलीला शेफालीबरोबर राहत होती. नुसती मैत्रीण म्हणून नव्हे, हे तिने घर सोडतानाच स्पष्ट सांगितलं होतं. ज्ञानदेव तेव्हा भांडले नाहीत. बोलायचे मात्र थांबले. तिचा फोन आला की “बरं हाय ना?” एवढं विचारून तो बायडाबाईंच्या हातात द्यायचे.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून फोन लावला.

“शेवटी हात हलवून बोलत हुता, त्यो तुमच्या बाजूचा का?”

राजनंदिनी म्हणाली, “नाही बाबा. ते सरकारतर्फे होते.”

“तरीच. काय म्हणत हुता?”

तिने समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा प्रश्न. दिवसभराचं इंग्रजी संध्याकाळी मराठीत व्हायचं. एकदा दवाखान्यांचा विषय निघाला.

“माझ्या ऑपरेशनला शेफालीची सही चालली नाही, बाबा. नातेवाईक आणा म्हणाले. शेवटी मीच सही केली.”

“तुझं ऑपरेशन? कधी?”

“मागच्या वर्षी. अपेंडिक्स.”

“आमाला का न्हाय सांगितलंस?”

“बरं हाय ना, विचारलंत. बरं आहे म्हटलं.”

ज्ञानदेवांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

निकाल ऑक्टोबरात लागला, ऐन नवरात्रात. ज्ञानदेवांनी सगळा बघितला आणि अर्थ विचारायला फोन लावला. राजनंदिनीने उचलला नाही. मग त्यांनी टीव्हीवर मराठी बातम्या लावल्या. लग्नाला मान्यता नाही. तसा कायदा करणं संसदेचं काम, असं सांगत होते.

बायडाबाई आत गेल्या. थोड्या वेळाने थालीपिठांचा डबा घेऊन आल्या. “माझ्याच्यानं बसमधी बसवत न्हाय. तुमी जा. डबा दोघींचा हाय, सांगा.”

दोन बस बदलून ज्ञानदेव पहिल्यांदाच त्या दारात उभे राहिले. दार शेफालीने उघडलं. तिचे डोळे सुजले होते. आत राजनंदिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“एवढ्या लांब कशाला आलात, बाबा?” ती तशीच म्हणाली.

बसमध्ये जुळवलेलं सगळं ज्ञानदेव विसरले. त्यांनी डबा शेफालीच्या हातात दिला, खुर्चीत टेकून टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. शेफाली दाराशीच अवघडून उभी होती.

“बस की,” ते तिला म्हणाले. मग सोयरिकीच्या बैठकीत विचारतात तसं सावकाश विचारलं, “गाव कुठलं तुझं?”

राजनंदिनी वळली आणि उठून बसली.

“औसा. लातूरजवळ,” शेफाली म्हणाली. “पण आता तिकडे माझ्याशी कुणी बोलत नाही.”

ज्ञानदेवांनी मान हलवली.

“बरं. आन् मामा कुठले?”